विद्यार्थ्यांचे कागद विहाराने सांभाळावेत

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून आनंदाचे वातावरण पसरते. उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा विहारात पुष्पहार घालून सत्कार होतो, भाषणे होतात, परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्याव्यासंगाचे दाखले दिले जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्याच्या गळ्यात आज हार पडला तो मुलगा दोन महिन्यांनंतर कोठे असतो, याची विचारपूस करण्याची प्रथा मात्र आपल्यात अद्याप पडलेली नाही. ती पडली असती तर आपणांस असे दिसून आले असते की, त्यांपैकी कित्येकजण शहरातील एखाद्या गोदामात हमाली करीत आहेत, कित्येक वीटभट्टीवर गेले आहेत आणि कित्येक मुलींच्या लग्नाच्या सुपाऱ्या फुटल्या आहेत. या मुलांना परीक्षेने अडविलेले नसते. परीक्षा त्यांनी आपल्या कष्टाने जिंकलेली असते. त्यांना अडविते ती परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधील अवघ्या दोन महिन्यांची अरुंद वाट. आणि त्या वाटेवर हवे असतात कागद, निवारा आणि चार गोष्टी जाणणारा एखादा वडीलधारा माणूस. या तीन गोष्टी पुरविणे हे केवळ आईबापांचे काम नसून ते विहाराचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विचार नवा नाही. १९०७ साली तरुण भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचा सत्कार करण्यासाठी सभा भरली आणि त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. धम्माच्या इतिहासात त्या पुस्तकाला जे स्थान आहे ते आहेच. परंतु गुरुजी पुस्तक देऊन स्वस्थ बसले नाहीत. या मुलाला महाविद्यालयात पुढे शिकता यावे म्हणून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गोष्ट पोहोचविली, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. असामान्य बुद्धिमत्ता बाबासाहेबांची स्वतःची होती, यात शंका नाही. तथापि त्या बुद्धिमत्तेलाही मॅट्रिक आणि महाविद्यालय यांमधील दरी ओलांडताना एका जाणत्या माणसाचा हात लागला होता. मग आपल्या खेड्यातील सामान्य बुद्धीच्या मुलाने ती दरी एकट्याने उडी मारून ओलांडावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

बाबासाहेब ही गोष्ट कधी विसरले नाहीत. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये तिने सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. महाविद्यालय काढण्याच्या वीस वर्षे आधी त्यांनी वसतिगृह काढले, याचे मर्म आपण ओळखले पाहिजे. खेड्यातील मुलाला शहरात डोके टेकावयास जागा मिळाली नाही तर शहरातील शाळा असून नसल्यासारखीच, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी केली, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली; १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले; १९५० साली, ज्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती, तेथे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय निघाले व त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले. निवारा, पैसा आणि सोयीची वेळ, अशा तिन्ही बाजूंनी त्यांनी वाट बांधली. आज त्या वाटेवर सरकारी नियमांची अनेक दारे बसली आहेत, आणि प्रत्येक दाराला कागदाची किल्ली लागते. ती किल्ली वेळेवर घडविणे एवढेच आपल्या वाट्याला आलेले काम आहे.

या ठिकाणी, ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे त्यांच्या मनातील एका भीतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. शाळेच्या अर्जात धर्म 'बौद्ध' लिहिला तर मुलाची सवलत जाईल, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. ही भीती निराधार असली तरी ती आकाशातून पडलेली नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांना या सूचीतून सामान्यतः वगळले होते. १९५६ साली शीख धर्मीयांचा त्यात समावेश झाला. परंतु त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास ज्या लक्षावधी लोकांनी तथागताच्या धम्माचा स्वीकार केला, त्यांना केंद्राच्या सवलतींचे दार बंद झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राने मात्र त्यासाठी १९९० साल उजाडू दिले. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या वाडवडिलांनी धम्मासाठी ही किंमत मोजली. त्या काळात पुष्कळांनी पोटासाठी कागदावर जुना धर्म चालू ठेवला. त्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. परंतु १९९० च्या दुरुस्तीनंतर तसे करण्याचे काहीएक कारण उरलेले नाही. ज्याची मूळ जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, त्याने बौद्ध धर्म स्वीकारला म्हणून त्याचा हक्क जात नाही. तो राज्यातही राहतो आणि केंद्रातही राहतो. ज्यांची मूळ जात त्या यादीत नाही, त्यांना मात्र केवळ दीक्षेमुळे हा हक्क नव्याने मिळत नाही, हेही येथेच स्पष्ट केलेले बरे, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपले स्वाभिमानी तरुण घेतात. आपण जात टाकली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग दाखल्यावर पुन्हा मूळ जातीचा उल्लेख कशाला, असे ते विचारतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि कायद्याच्या दृष्टीने पाहता या उल्लेखाचा अर्थ निराळा आहे. 'आम्ही कोण आहोत' याचे उत्तर धर्माच्या रकान्यात मिळते, आणि ते उत्तर बौद्ध असेच आहे. मूळ जातीचा उल्लेख 'आमच्यावर पिढ्यान्पिढ्या काय लादण्यात आले' याची नोंद आहे. ज्याचे घर जळाले तो नुकसानभरपाईच्या अर्जात जळाल्याचा उल्लेख करतो, म्हणून तो आगीचा उपासक ठरत नाही. हक्क मागताना अन्यायाची नोंद दाखविण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो हक्क असून मुलाला मजुरीला धाडण्यात.

आता प्रत्यक्ष कागदांकडे वळू. न्यायालयात आणि पडताळणी समितीपुढे जी प्रकरणे येतात, त्यांवरून एक गोष्ट सहज ध्यानात येते की, बहुतेकांचे घोडे अडते ते पात्रतेवर नव्हे, तर विलंबावर. पहिली कडी शाळेच्या जनरल रजिस्टरची आहे. पहिलीत नाव घालताना घाईने लिहिलेले आडनाव, जन्मतारीख, धर्म आणि जात हीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतात. मूल शाळेत असेपर्यंत यातील चूक मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करून घेणे तुलनेने सोपे असते; एकदा शाळा सुटली की तीच दुरुस्ती अत्यंत कष्टाची होऊन बसते. वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' असणे ही मात्र चूक नव्हे. ते धर्मांतर होय, आणि प्रतिज्ञापत्राने ते नीट सांगता येते. परंतु आडनाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे असेल, तर तो गुंता आठवीतच सोडविला पाहिजे.

दुसरी कडी उपविभागीय अधिकाऱ्याकडून, म्हणजे प्रांताकडून, मिळणाऱ्या जातीच्या दाखल्याची. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. येथे कित्येक आईबाप हताश होतात. आजा अक्षरशत्रू होता, शाळेत गेलाच नाही, मग १९५० पूर्वीचा कागद आणावा कोठून? परंतु पुरावा असतो, तो शोधावा लागतो. जुन्या कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी तहसील कचेरीच्या अभिलेखात सापडू शकतात. जुने फेरफार व हक्कनोंदी असतात. आणि विशेष म्हणजे महार वतनाची दप्तरे असतात. ज्या वतनाने आपल्या पूर्वजांना गावकीच्या राबणुकीत जखडून टाकले, ज्याच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, आणि जे अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाले, त्याच वतनाच्या नोंदीत पणज्याचे नाव, गाव आणि जात लिहिलेली असते. गुलामगिरीच्या त्या वहीने पणतीला महाविद्यालयाचे दार उघडून द्यावे, यात इतिहासाचा एक प्रकारचा न्यायच आहे. परंतु ही वही बारावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात सापडत नसते. त्यासाठी महिने लागतात.

तिसरी कडी जात वैधता प्रमाणपत्राची. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली आणि महाराष्ट्राने २००० सालचा कायदा करून ती अमलात आणली. आता प्रत्येक जिल्ह्यात पडताळणी समिती आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय इत्यादी व्यावसायिक अभ्यासक्रमांतील राखीव जागेसाठी हे प्रमाणपत्र लागते, आणि आपला दावा सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच टाकलेली आहे. म्हणून अकरावीत प्रवेश होताच प्राचार्यांच्या सहीने हा अर्ज समितीकडे गेला पाहिजे. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात, म्हणजे बाप, चुलता, आत्या किंवा सख्खे भावंड यांच्यापैकी कोणाला हे प्रमाणपत्र आधी मिळाले असेल, तर त्याची प्रत अवश्य जोडावी. अशा प्रमाणपत्राला मोठे महत्त्व असून, ते खोटेपणाने मिळविलेले नसेल तर समितीने ते सहसा डावलू नये, अशा आशयाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली दिलेला आहे. याचा अर्थ असा की, घरातील पहिल्या मुलाने केलेला खटाटोप मागच्या सर्व भावंडांच्या उपयोगी पडतो. कधीकधी सरकार हे प्रमाणपत्र सादर करण्यास मुदतवाढ देते. परंतु मुदतवाढ ही मेहेरबानी आहे. तिच्यावर मुलाचे आयुष्य टांगून ठेवू नये.

चौथी कडी पैशाची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवलेली आहे. विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आगाऊ भरावे लागू नये म्हणून फ्रीशिप कार्डाची कल्पनाही त्यात आहे. उत्पन्न अधिक असल्यास राज्याची शुल्क प्रतिपूर्तीची योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या ठिकाणी ५१,००० रुपये आणि अन्य जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे साहाय्य ठरविण्यात आले. गुण, उत्पन्न आणि गावापासूनचे अंतर यांच्या अटी असतात, आणि त्या त्या वर्षीची जाहीर सूचना पाहूनच अर्ज करावयास पाहिजे. हे सर्व कागदावर उत्तम आहे. परंतु हा पैसा पुष्कळदा वर्ष संपता संपता हाती येतो आणि खाणावळीचे बिल मात्र पहिल्याच महिन्यात येते. कित्येक संस्था शुल्क आधी भरा, मग शिष्यवृत्ती येईल तेव्हा परत घ्या, असे सांगून मुलाला दारातूनच परत पाठवितात. असे सांगणाऱ्या संस्थेकडून ते लेखी मागावे आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे तक्रार करावी. तोंडी नकार देणे सोपे असते. लेखी नकार देताना हात थरथरतो.

वेळेवर हाती नसलेल्या थोड्या पैशाची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे असले तरी सांगण्याजोगे आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाने धनबादच्या आय. आय. टी.मध्ये जागा मिळविली. परंतु १७,५०० रुपये ठरल्या वेळेत भरता न आल्यामुळे ती जागा गेली. तो मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. न्याय झाला, याचा आनंद आहे. पण प्रत्येक खेड्यातील मुलाला दिल्लीचा दरवाजा ठोठावता येत नाही. त्या घराशेजारी १७,५०० रुपये दोन दिवसांपुरते उसने देणारा एखादा निधी असता, तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला त्यात पडण्याचे कारणच उरले नसते.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे सरकारचे कर्तव्य आहे. विहाराने कारकुनी का करावी? सरकारचे कर्तव्य आहे हे आम्हांस मान्यच आहे. घटनेच्या ४६ व्या कलमाने अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हितांची विशेष काळजी वाहण्याचे काम राज्यावर सोपविले आहे. शिष्यवृत्ती उशिरा देणारे सरकार हे कर्तव्य अर्धेच पाळते, आणि त्याविरुद्ध संघटितपणे आवाज उठविला पाहिजे. परंतु सरकारशी भांडण चालू असताना मुलाचे वर्ष थांबत नाही. भांडण दहा वर्षे चालेल. मूल अठरा वर्षांचे एकदाच असते. तेव्हा एका हाताने हक्कासाठी झगडावे आणि दुसऱ्या हाताने मुलाचा अर्ज भरावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

मुलींविषयी वेगळे सांगणे भाग आहे. मुलगा नापास झाला तर त्याला पुन्हा बसवितात. मुलगी उत्तीर्ण झाली तरी तिला घरी बसवितात. तालुक्यापलीकडे पाठवावयास आईबाप धजत नाहीत, आणि त्यांची काळजी सर्वस्वी खोटी असते असेही नाही. परंतु तिच्यावरचा उपाय लग्न हा नसून, सुरक्षित वसतिगृह हा आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरास दलित महिलांची जी विराट परिषद झाली, तीत बाबासाहेबांनी मुलामुलींच्या शिक्षणाचा आणि लग्नाची घाई न करण्याचा उपदेश आयाबायांना केला होता. विहारातील ज्येष्ठ उपासिकांनी शहरातील मुलींचे वसतिगृह स्वतः पाहून यावे आणि येऊन त्या मुलीच्या आईशी बोलावे. वकिलाच्या दहा युक्तिवादांपेक्षा अशा एका उपासिकेचा शब्द आईच्या मनाला अधिक पटेल.

तर मग करावयाचे काय? आमची सूचना साधी आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या काळात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. संध्याकाळी मंडळी जमतात. प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवसही साधारणतः याच काळात येतात. म्हणून आठवड्यातील एक संध्याकाळ वाचन आटोपल्यावर विद्यार्थ्यांच्या कागदांसाठी राखून ठेवावी. विहारात एक वही ठेवावी. तीत वस्तीतील आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव असावे, आणि नावापुढे जनरल रजिस्टर तपासले काय, जातीचा दाखला झाला काय, अधिवास व उत्पन्नाचा दाखला काढला काय, बँकेचे खाते आधारशी जोडले काय, वैधतेचा अर्ज गेला काय, एवढे रकाने असावेत. जो रकाना रिकामा दिसेल त्याची जबाबदारी वस्तीतील एका शिकल्यासवरल्या माणसाने नाव घालून स्वीकारावी. मग तो शिक्षक असो, कारकून असो वा वकील असो. मूळ कागद आईबापांच्या घरीच राहावेत. विहाराने नोंद आणि प्रती ठेवाव्यात, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहणार नाही.

त्याचबरोबर जयंतीच्या वर्गणीतून ठरावीक हिस्सा काढून एक छोटा उसनवारी निधी उभारावा. प्रवेशाच्या वेळी शुल्काची रक्कम त्यातून द्यावी आणि शिष्यवृत्ती येताच ती परत घ्यावी. हिशेब पौर्णिमेला सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. ज्या समाजाला मिरवणुकीच्या वाद्यांसाठी एका रात्रीत हजारो रुपये जमविता येतात, त्याला हे अशक्य आहे असे कोण म्हणेल? बाबासाहेबांची जयंती थाटात व्हावी, याला आमचा विरोध नाही. परंतु ज्या वर्षी वस्तीतील एकही मूल कागदावाचून मागे राहिले नाही, त्या वर्षाची जयंती अधिक शोभेल.

दान म्हणजे केवळ पैसा देणे नव्हे. तहसील कचेरीत दुसऱ्याच्या मुलासाठी रांगेत उभे राहून घालविलेला एक दिवस हेही दानच आहे. आज ज्यांच्या घरी पहिला पदवीधर झाला आहे, त्यांनी हे दान आधी द्यावे. कारण ती वाट त्यांच्या पायाखालची आहे. आणि ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्या कुटुंबांनी संकोच न करता विहारात येऊन मुलाचे नाव त्या वहीत लिहावे. तसे करणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. घटनेने दिलेला हक्क वेळेवर पदरात पाडून घेणे होय. येत्या वर्षावासाची वाट न पाहता, येत्या पौर्णिमेलाच वहीचे पहिले पान लिहिले जावे, एवढीच आमची सर्व धम्मबंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे.

जय भीम!